निजायला खण, जेवायला एक पंगत

जून-जुलै उजाडला की सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांच्या एस.टी. स्थानकांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. दहिवडी-वडूजकडून किंवा जत-आटपाडीकडून आलेल्या गाडीतून एखादा बाप मुलाला, क्वचित मुलीला, घेऊन उतरतो. पत्र्याच्या पेटीची जागा आता चाकांच्या बॅगेने घेतली आहे. वळकटी मात्र अजून तीच आहे. महाविद्यालयाच्या कार्यालयात शुल्क भरून झाले की बाप दोन प्रश्न विचारतो : पोराने राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? या दोन प्रश्नांची उत्तरे शहर कशीबशी देते. आणखी दोन प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. कोणाची झोप न मोडता रात्री दिवा लावून वाचता येईल आणि दार ओढून निजता येईल, असा एक कोपरा या मुलाला मिळणार आहे काय? आणि आपल्या गावच्या नसलेल्या, आपल्या जातीच्या नसलेल्या मुलाबरोबर एका पंगतीला बसण्याची जागा त्याला मिळणार आहे काय? वसतिगृहाचा खरा विचार या दोन प्रश्नांपासून सुरू होतो. एक प्रश्न एकांताचा आहे, दुसरा सहवासाचा. वरवर ते परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांचे उत्तर एकच आहे. निजण्याची जागा लहान पण स्वतःची असावी, आणि उरलेले सारे मोठे व सर्वांचे असावे.

तीन ठिकाणी वाटला गेलेला विद्यार्थी

आज या दोन्ही शहरांत बाहेरगावचा विद्यार्थी ज्या रीतीने राहतो, तिला ‘कॉट बेसिस’ असे नाव आहे. खोली भाड्याने मिळत नाही, खोलीतील कॉट भाड्याने मिळते. एका खोलीत चार-सहा लोखंडी कॉट, भिंतीवर खुंट्या, खाली बॅगा आणि वर एक पंखा. या कॉटवर झोपणाऱ्यांची घड्याळे निरनिराळी असतात. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा पहाटे चारला उठून धावायला जातो. अभियांत्रिकीचा विद्यार्थी रात्री एकला पुस्तक मिटतो. ‘कमवा व शिका’ योजनेतील मुलाला सकाळी कामावर हजर व्हायचे असते. एकाचा गजर दुसऱ्याच्या झोपेत वाजतो आणि एकाचा दिवा दुसऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. यात कोणाचाच दोष नसतो. तरीही वर्षअखेरीस मने दुरावलेली असतात.

कॉटवर अभ्यास होत नाही, म्हणून मग तो अभ्यासिकेत जागा घेतो. गेल्या काही वर्षांत अशा खासगी अभ्यासिका तालुक्यांच्या गावीही निघाल्या आहेत. तेथे महिन्याच्या भाड्याने काय मिळते? दोन-तीन फुटांचे टेबल, दोन्ही बाजूंना फळ्या, डोक्यावर एक दिवा आणि शांतता. म्हणजे ज्या एकांताचे भाडे कॉटबरोबरच मिळायला हवे होते, तो एकांत हा विद्यार्थी निराळे पैसे मोजून तुकड्यातुकड्याने विकत घेतो. जेवणासाठी खानावळ तिसरीच. आणि खानावळही परवडत नसेल तर सकाळच्या एस.टी.ने गावाकडून आलेला डबा. निजणे एकीकडे, वाचणे दुसरीकडे, जेवणे तिसरीकडे, अशी ही विभागणी आहे. तिन्हींचे पैसे तो देतो. त्यांना जोडणारे जे काही असते, ज्याला पूर्वी ‘बोर्डिंगातले दिवस’ म्हणत, ते मात्र त्याला कोणीही विकत नाही.

भांडण पंगतीचे होते

ज्या भूमीवर हे घडत आहे, तिचा इतिहास ध्यानी घेतला तर खंत अधिक वाटते. महाराष्ट्रात वसतिगृह हा केवळ निवाऱ्याचा प्रश्न कधीच नव्हता. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना आश्रय दिला, तेव्हा खेड्यातील मुलाला शिक्षणाची वाट मोकळी करावी हा हेतू होता. मात्र एका जातीचा मुलगा दुसऱ्या जातीच्या पंगतीला बसणे त्या समाजाच्या पचनी पडण्यासारखे नव्हते. त्यामुळे कोल्हापुरातील बहुतेक वसतिगृहे जातवार निघाली. त्यांतील जैन वसतिगृहात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परतल्यावर स्नान केल्याखेरीज भोजनगृहात प्रवेश नाही असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले, अशी हकीकत कर्मवीरांच्या चरित्रांतून येते. या प्रसंगातील एक गोष्ट सहसा कोणी टिपत नाही. तंटा निजण्याच्या जागेवरून झाला नव्हता. तो भोजनगृहाच्या उंबरठ्यावर झाला होता.

पुढे कर्मवीरांनी जे उभे केले, त्याची गुरुकिल्ली याच उंबरठ्यात आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दूधगावी त्यांनी वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. तेथे मुले स्वतः दळत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटाची सोय करताना अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही देऊन टाकणाऱ्या लक्ष्मीबाई पाटील यांची आठवण सातारकर आजही काढतात. त्यांचा त्याग ज्या खोलीसाठी झाला ती खोली मुदपाकखान्याची होती, ही गोष्ट वसतिगृहाचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

मुले तेव्हा एका दालनात ओळीने घोंगडी अंथरून निजत, हे खरे. परंतु ती गरज होती. ते तत्त्व नव्हते. तत्त्व होते ते एकत्र राबण्याचे आणि एकत्र जेवण्याचे. पुढील पिढ्यांनी मात्र नेमकी उलट निवड केली. गर्दीने निजणे ही जणू परंपरा म्हणून जपली, आणि पंगत, शेत, सामुदायिक काम या गोष्टी एकेक करून गळू दिल्या. मग दाटी उरली आणि सहवास गेला. आजच्या कॉटच्या खोलीत सहा मुले सहा महिने राहतात आणि एकदाही एकत्र जेवत नाहीत. याला सहजीवन म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

बाजार अंगण बांधीत नाही

हे असे का झाले याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. कॉटला ग्राहक आहे, अभ्यासिकेतील टेबलाला ग्राहक आहे, ताटाला ग्राहक आहे. या वस्तू मोजता येतात आणि पैसे न देणाऱ्याला त्यांपासून दूर ठेवता येते. सामाईक दालनाचे तसे नाही. तेथे चार मुले वाद घालीत बसली, पाचव्याने ऐकले, आणि जतच्या मुलाने महाबळेश्वरच्या मुलाला गणित समजावले, तर त्याचे भाडे कोणाकडून घ्यायचे? घरमालकाच्या हिशेबात असे दालन म्हणजे आणखी आठ कॉट मावल्या असत्या ती वाया गेलेली जागा. म्हणून खासगी बाजार कॉट निर्माण करतो, अंगण निर्माण करीत नाही. यात घरमालकाला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. जे विकले जात नाही ते बाजारात येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

शासनाच्या धोरणाचा कलही अलीकडे याच दिशेने आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना रोख साहाय्य देणारी स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये आली. पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही त्याच सुमाराची. गरजू मुलाच्या खात्यात पैसे जमा होणे स्वागतार्ह आहे आणि त्या पैशांवर अनेकांचे शिक्षण तगले आहे. तथापि या पैशांनी बाजारात जे मिळते तेच विकत घेता येते, म्हणजे कॉट. जुलै २०२४ पासून दरमहा २० हजार रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला वस्तू व सेवा करातून सूट मिळाली. तीही योग्यच आहे. परंतु त्या सवलतीची अट दिवसांची आणि रुपयांची आहे. माणशी जागा किती, खिडकी आहे की नाही, बसायला सामाईक खोली आहे की नाही, हा प्रश्न करसवलत देतानाही कोणी विचारलेला नाही. जे काम बाजार करणार नाही ते शिक्षणसंस्थांनी आणि शासनानेच करावयाचे असते. आणि १९१९ साली सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय व त्याच वर्षी कालेत रयत, पुन्हा १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय व त्याच वर्षी सांगलीत आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, अशी बीजे जेथे रुजली, त्या दोन जिल्ह्यांना हे अशक्य आहे असे म्हणवत नाही.

खणाचा हिशेब

मराठी माणूस घर खणांनी मोजत आला आहे. दोन खणांचे घर, पाच खणांची माडी, अशी ती भाषा. विद्यार्थ्याला हवा आहे तो असा एक खण. राष्ट्रीय इमारत संहितेने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांच्या वसतिगृहांतील एकट्याच्या खोलीसाठी किमान ७.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८० चौरस फूट, क्षेत्र सांगितले आहे. नवी इमारत बांधताना हे माप पाळलेच पाहिजे. पण जुन्या दालनांचे काय? तेथे मोठ्या दालनातच सात फूट उंचीचे आडोसे घालून खण पाडता येतात; वरचा भाग मोकळा राहिल्याने हवा खेळती राहते.

उदाहरणादाखल चाळीस फूट लांब व वीस फूट रुंद दालन घेऊ. दाटीवाटीच्या पद्धतीने त्यात सोळा कॉट मावतात. माणशी पन्नास चौरस फूट पडतात, पण त्यांतील एकही फूट कोणाचा स्वतःचा नसतो. आता दोन्ही लांब भिंतींना लागून सात फूट खोलीचे सहा-सहा खण पाडले आणि मधे सहा फुटांची वाट ठेवली, तर बारा खण होतात. प्रत्येक खण सुमारे पावणेसात फूट बाय सात फूट. त्यात एक पलंग, एक लहान टेबल, भिंतीत फडताळ, एक दिवा, आतून लावता येईल अशी कडी आणि भिंतीकडील बाजूस खिडकी एवढे बसते. सोळांचे बारा झाले, म्हणजे दालनाचा माणशी खर्च एक-तृतीयांशाने वाढला. हा वाढीव खर्च लपविण्यात अर्थ नाही.

पण जमेची बाजूही मांडली पाहिजे. खणात अभ्यास करू शकणाऱ्या मुलाला अभ्यासिकेचे भाडे द्यावे लागत नाही. शिवाय निजण्याची जागा दिवसातून सात-आठ तास वापरली जाते, तर भोजनगृहाचे दालन नीट योजले तर सोळा तास राबते. दोन पंगतींच्या मधल्या वेळात तेच वाचनालय, संध्याकाळी तेच सभागृह, परीक्षेच्या दिवसांत तीच रात्रीची अभ्यासिका. सामाईक जागा ही चैन नसून सर्वाधिक वापर होणारी, म्हणूनच सर्वांत स्वस्त पडणारी जागा आहे.

मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब रुपयांपलीकडे जातो. दुष्काळी तालुक्यातील दोन खणांच्या घरात वाढलेल्या मुलीला स्वतःचा कोपरा जन्मात मिळालेला नसतो. वसतिगृहानंतर ती सासरी गेली तर पुन्हा मिळेल याची खात्री नसते. मधली तीन-चार वर्षे तरी आतून कडी लावता येईल असे दार तिच्या वाट्याला यावे. आजारपणात, महिन्याच्या अवघड दिवसांत, नापास झाल्याच्या रात्री माणसाला भिंतीकडे तोंड करून पडून राहावेसे वाटते. तेवढी मोकळीक म्हणजे सवलत नव्हे, प्रतिष्ठा आहे.

दूरची दोन उदाहरणे

लहान खासगी खोल्या आणि मोठ्या सामाईक जागा ही कल्पना नवी नाही. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची वसतिगृहे आखताना लुई कान या वास्तुशिल्पज्ञाने दहा-दहा खोल्या एका जिन्याभोवती व चहाच्या दालनाभोवती गुंफल्या. दार उघडले की सहवास आणि लोटले की एकांत, अशी ती रचना. श्रीमंत संस्थेची म्हणून ती दृष्टीआड करण्याचे कारण नाही. जिना आणि चहा या दोन्ही गोष्टी गरिबालाही परवडतात.

याच कल्पनेचा विपर्यास कसा होतो, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेला चार्ली मंगर या धनाढ्य गुंतवणूकदाराने २० कोटी डॉलर देऊ केले; अट एवढीच की वसतिगृह त्यांच्या आराखड्याप्रमाणे बांधावे. एका इमारतीत सुमारे साडेचार हजार विद्यार्थी, प्रत्येकाला स्वतंत्र छोटी खोली, आणि बहुतेक खोल्यांना खिडकीच नाही. खोली लहान असली की मुले आपोआप सामाईक जागेत येतील, अशी त्यामागची विचारसरणी होती. विद्यापीठाचे सल्लागार वास्तुशिल्पज्ञ डेनिस मॅकफॅडन यांनी २०२१ साली निषेध म्हणून राजीनामा दिला, जगभर टीका झाली आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो बेत सोडून दिला. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. माणसाला सहवासाची ओढ लागावी यासाठी त्याच्या एकांतातील उजेड आणि वारा काढून घेणे हा उपाय नव्हे. खण लहान चालेल. आंधळा चालणार नाही. आपल्याकडेही उद्या कोणी प्लायवूडच्या खोकड्यांना वसतिगृह म्हणून भाडे मागू लागेल. त्याआधीच खिडकीची अट घालून ठेवलेली बरी.

आक्षेप आणि उत्तरे

या सूचनेवर पहिला आक्षेप जुन्या पिढीचा असेल. आम्ही वीस-पंचवीस जण एका दालनात निजलो, कंदिलावर वाचले आणि मोठे झालो. आजच्या मुलांना लाड कशाला? ही माणसे खरोखरच मोठी झाली, याबद्दल आदर आहे. परंतु जी झाली ती आज बोलण्यासाठी हयात आहेत. जी मधेच गाव गाठून परतली त्यांचा आवाज या चर्चेत ऐकू येत नाही. हालांतून काहीजण तावून सुलाखून निघतात, म्हणून हाल हे धोरण होऊ शकत नाही. खुद्द कर्मवीरांनी मुलांना कष्ट दिले ते शेतात आणि बांधकामावर. कष्ट आणि गैरसोय यांतील फरक त्यांना पक्का ठाऊक होता. २०२० च्या साथीत वसतिगृहे एका रात्रीत रिकामी करावी लागली, तेव्हा कॉटला कॉट लावून झोपण्याची किंमत काय असते हेही सर्वांनी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलाच्या हाती मोबाइल आहे. त्याला स्वतंत्र खण दिला तर तो दार लावून त्यातच बुडून जाईल, एकलकोंडा होईल, आणि एखादा मनाने खचला तर कोणाला कळणारही नाही. ही भीती रास्त आहे. म्हणूनच केवळ खण बांधणे धोक्याचे आहे. आजच्या कॉटवरही मुले कानांत बोंडे घालून एकमेकांशेजारी एकटीच असतात, हे मात्र विसरता कामा नये. एकटेपण भिंतीने येत नाही. एकत्र करण्यासारखे काही उरले नाही म्हणजे ते येते. दिवसातून दोनदा एका पंगतीला बसणे, आठवड्यातून एक पाळी वाढण्याची वा भाजी निवडण्याची, आवारातील झाडांना पाणी घालण्याची, एवढे जरी सक्तीचे ठेवले तरी पंगतीतील रिकामे पान ताबडतोब डोळ्यांत भरते. अधीक्षकाच्या हजेरीपटापेक्षा ती हजेरी अधिक खरी असते.

तिसरा मुद्दा आक्षेप म्हणून मांडला जात नाही. परंतु तोच सर्वांत खोल आहे. स्वतंत्र खणांच्या आडून जात परत येईल काय? वसतिगृहे पुन्हा प्रवर्गवार होऊ लागली आहेत. सामाजिक न्याय विभागाची आहेत, इतर मागासवर्गीयांसाठी प्रत्येक जिल्ह्यात दोन याप्रमाणे राज्यात ७२ ठरली. अन्य समाजांच्याही मागण्या आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले त्यांच्यासाठी राखीव जागा आणि राखीव निधी असणे न्यायाचेच आहे, आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही. पण निधी वेगळा म्हणून भिंत वेगळी, भिंत वेगळी म्हणून चूल वेगळी, असे होत गेले तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या उंबरठ्यावर एक विद्यार्थी अडला, त्याच उंबरठ्याशी आपण सारे परत येऊ. निधी कोठूनही येवो. एका आवारातील वसतिगृहांना भोजनगृह एकच असावे. खणांचे वाटप चिठ्ठ्या टाकून व्हावे. गाववार आणि जातवार ओळी लागू देऊ नयेत.

आधी पंगत, मग खण

तात्पर्य, या दोन जिल्ह्यांतील संस्थांनी चार गोष्टी ठरवाव्यात. आराखड्यात प्रथम भोजनगृह व सामाईक दालन यांचे माप निश्चित करावे आणि मागाहून गरज पडली तरी त्यात एकही कॉट टाकू नये. प्रत्येक विद्यार्थ्याला खिडकी, दिवा आणि कडी असलेला खण द्यावा. सुरुवात मुलींच्या वसतिगृहांपासून करावी. खणांचे वाटप आणि कामाच्या पाळ्या सर्वांना समान ठेवाव्यात. आणि शासनाने रोख साहाय्य चालू ठेवूनच, त्याच्या जोडीला असे वसतिगृह बांधणाऱ्या संस्थांना भांडवली अनुदान द्यावे. खासगी निवासांनाही करसवलत देताना माणशी जागा व सामाईक खोली यांची अट घालावी.

यांतील एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही. ज्या साताऱ्यात पोरांनी स्वतःच्या हातांनी आपले बोर्डिंग उभे केले, तेथे सात फुटांचे आडोसे उभे करणे अवघड नसावे. पुढच्या जूनमध्ये एस.टी.तून उतरणाऱ्या त्या मुलाला रात्री स्वतःचे दार लोटता यावे, आणि सकाळी ते उघडून पंगतीला जाता यावे. यांपैकी एकच दिले तर ते वसतिगृह अर्धे राहील.